आत दुमडलेला कोपरा

आरोहीने मोबाईलचा कॅमेरा फिरवला आणि म्हणाली, "आई, हे बघ आमच्याकडं कोण आलंय!"

मंगळवार होता. देवीची वस्त्रं वाळत घालून मी नुकतीच आत आले होते आणि उपवासाची भगर चुलीवर होती. आरोही दुबईच्या एका मोठ्या हॉटेलात काम करते. तिथल्या खोल्यांमधल्या चादरी, टॉवेल, पडदे धुऊन इस्त्री होऊन येतात, त्यांच्या घड्या घालायचं काम तिच्या विभागाकडे आहे. दुपारच्या सुट्टीत ती फोन करते. कधी समुद्र दाखवते, कधी नुसतं आपलं जेवणाचं ताट.

त्या दिवशी तिने एक टेबल दाखवलं. टेबलापाशी माणूस नव्हता. वरून खाली आलेले दोन पांढरे हात होते, फक्त हात. त्यांनी एक चादर उचलली, टेबलावर पसरली, वरून तळवा फिरवावा तशी सपाट केली. मग अर्धी घडी, पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. आणि सगळं झाल्यावर उजव्या हाताने चादरीचा एक कोपरा आत दुमडला आणि वरून अलगद दाबला.

मी झारा बाजूला ठेवला आणि फोन जवळ घेतला.

"दिसलं का?" आरोही हसत होती. "म्हणून तर तुला फोन लावला. सेम आपल्या देवीच्या लुगड्यासारखं! म्हनलं, आईला दाखवलंच पायजे. एवढ्या लांबून आलेलं मशीन अन् घडी आपल्या घरची!"

"परत दाखव," मी म्हणाले.

तिने परत दाखवलं. कोपरा दुमडून झाल्यावर वरून दोन बोटांनी दाबायचं, तेसुद्धा तसंच. ती दोन बोटं माझी होती.

आमच्या गावच्या देवीची वस्त्रं धुवायचा मान आमच्या घराकडे आहे. सासूबाई करायच्या, त्यांच्यामागे मी करते. सकाळी कुणाशी न बोलता धुवायची, अंगणात वेगळ्या दोरीवर वाळवायची आणि घडी घातली की एक कोपरा आत दुमडायचा. कोपरा आत असला की हे देवीचं, याला शिवायचं नाही, हे घरातल्या रांगत्या पोरालाही कळतं. आमच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या घरी अशी घडी मी पाहिलेली नाही.

"आई? का बोलंनास?"

"तुझ्या कामाचं कसं मग आता? हे मशीन आल्यावर?"

"मला काय होतंय," ती म्हणाली, पण आवाज जरा उतरला. "बाकीच्या पोरी गेल्या. नेपाळच्या होत्या, फिलिपिन्सच्या होत्या. मला ठेवलं. ह्या कोपऱ्यापायीच ठेवलं बघ! पाव्हण्यांच्या खोलीत अशी दुमडलेली चादर चालत न्हाई. मशीन कोपरा दुमडतंय अन् मी दिवसभर सरळ करतीय. मॅनेजर म्हणतो, जोवर हे येडं असं करतंय तोवर तू हाईस."

सुट्टी संपली म्हणून तिने फोन ठेवला. मी तशीच बसून राहिले. भगर खाली लागल्याचा वास आला तेव्हा उठले.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या उमापूरच्या बाजूला विजयसिंहाने कुठल्याशा कंपनीसाठी केंद्र काढलं होतं. विजयसिंह म्हणजे माजी सभापतींचा मुलगा, नात्याने माझा चुलत पुतण्या. जिनिंगच्या जुन्या गोदामात त्याने टेबलं मांडली आणि घरोघरच्या बायकांना बोलावलं. कपाळाला पट्टा बांधायचा, पट्ट्यात मोबाईल अडकवायचा, तो खाली आपल्या हातांकडे बघत राहतो. आपण भांडी घासायची, भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायच्या. बोलायचं नाही. हात चौकटीबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. एवढंच काम.

"हे बघतंय कोण?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"परदेशातल्या लोकांला घरकाम येत न्हाई काकू," विजयसिंह म्हणाला होता. "त्यांला शिकवायचंय."

मला बरं वाटलं. शिकवण्यात पुण्य आहे. मला घडीचं टेबल मिळालं. समोर कोऱ्या पांढऱ्या चादरींची चळत होती. कपाळावर ते जड ओझं, आजूबाजूला सगळ्या बघताहेत. जीव घाबरला की मी देवीचं नाव घेते. तसं घेतलं, आणि हातांनी देवीची घडी घातली. कोपरा आत गेला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही.

त्या दिवशी बाकीच्यांचे व्हिडिओ परत आले. कुणाची सावली पडली होती, कुणाचे हात बाहेर गेले होते. माझे सगळे मंजूर झाले. शेजारच्या टेबलावरची संगीता हुशार. तिने माझे व्हिडिओ मन लावून पाहिले आणि सगळ्यांना सांगितलं, "अगं बायांनो, काकू शेवटी कोपरा दुमडायल्यात! तेच पायजे असंल त्यांला. बिनकोपऱ्याचं पास होत न्हाई."

मी सांगायला हवं होतं, की ती आमच्या घरची रीत आहे. पण मलाही वाटलं, कोण जाणे, तेच आवडलं असेल. संगीताला नंतर वडवणीच्या केंद्रावर शिकवायला पाठवलं, मग आष्टीला. ती जिथे गेली तिथे कोपरा घेऊन गेली. उन्हाळ्यापर्यंत जिल्ह्यातल्या किती बायका देवीची घडी घालत होत्या, देवीलाच ठाऊक.

आरोहीने ते मशीन दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर गेले तर विजयसिंह दारातच उभा. सगळ्या बायका टेबलं सोडून त्याच्याभोवती जमलेल्या.

"या काकू, तुमचीच वाट बघायलो," तो म्हणाला. "ही कोपऱ्याची भानगड काय लावली तुमी? कंपनीचा फोन आलता. तिकडं समदी हॉटेलं बोंबलायलीत. मशीन कोपरा दुमडतंय म्हणं. आता समदं परत करायचं. साधी घडी. तुमीच लावलं, तुमीच निस्तरा. आजपासून ह्या बायांना कोपरा न दुमडता शिकवा."

"मशीन?" तुळजाबाई म्हणाल्या. त्या भाजीच्या टेबलावर असतात. "कसलं मशीन ओ?"

"रोबो हो. तुमचं बघून तो शिकतोय. जगात समदीकडं हेच चाललंय. तुमच्या हातानं जग शिकायलंय, लई मोठी गोष्ट हाय ही, तुळजाबाई. टीव्हीवर यायला पायजेत तुमी."

तुळजाबाईंनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. उलटे करून पाहिले.

"तू तर म्हनलास, माणसांला शिकवायचंय," मी म्हणाले.

"माणसंच वापरणार ना शेवटी, काकू!"

"माझी आरोही दुबईत हेच काम करते, विजयसिंह."

त्याचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. त्याला माहीत नव्हतं, हे मला दिसलं. तो वाईट मुलगा नाही. मग त्याने मान खाली घालून मोबाईल चाळायला घेतला. "तुमी न्हाई शिकवलं तर दुसरं कुणी शिकवंल," तो हळूच म्हणाला. "उद्या सकाळी सांगा."

तो गेल्यावर संगीता माझ्या टेबलाशी आली. आष्टीहून ती नुकतीच परत आली होती. "काकू, आपण घड्याच वाकड्यातिकड्या घालू. बसंल बोंबलत मशीन. शिकंल येड्यावानी."

"अगं, पण ते परत पाठवतील."

"सावकाश वाकडं करायचं. आज उलीसं, उद्या उलीसं. कळायचं बी न्हाई."

खरं सांगायचं तर माझं मन गेलं तिकडे. पण कामाला हात लावताना देवीचं नाव घ्यायचं आणि घेतल्यावर ते काम खोटं करायचं नाही, हा नेम मला सासूबाईंनी दिलेला. आजवर दूध मापतानाही मी तो मोडला नाही. मी संगीताला म्हणाले, "खोटी घडी मला जमणार न्हाई. पण खरी शिकवायला माझ्या हातांनी मी येणारबी न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी घरी बसते."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. बद्रीनाथ, म्हणजे आमचे मालक, सोयाबीनला फवारा मारून आले होते, हात धूत होते. ऐकून त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"अन् पोरीला सांगितलं का?"

"न्हाई."

"सांग मग. तिला दुसऱ्याकडून कळलं तर बरं दिसंल का?"

मी फोन लावला. आरोही आधी हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग मी सगळं सांगितलं, पट्टा, चादरी, संगीता, वडवणी, आष्टी. पलीकडून नुसता यंत्रांचा आवाज येत राहिला.

"म्हंजी ते तू हाईस?" ती म्हणाली. "टेबलावर?"

"मला म्हाईत नव्हतं गं."

"मी रोज त्याला शिव्या देते, आई. येडं म्हणते, हरामखोर म्हणते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या जाणार का तू शिकवायला?"

"न्हाई."

"नको जाऊस," ती म्हणाली. मोठी झाल्यापासून तिने माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. "आई, खरंच नको जाऊस. एवढं वर्षभर तरी. मला इथं सुपरवायझर करणार हायेत."

सकाळी दिवा लावला, आणि नाही म्हणायचं ते तोंडावर जाऊन म्हणावं म्हणून केंद्राकडे निघाले. वाटेत शब्द जुळवत होते. विजयसिंह चिडला तर काय म्हणायचं, त्याने आईला, म्हणजे आमच्या जाऊबाईंना, सांगितलं तर काय म्हणायचं.

गोदामात पाय ठेवला आणि थबकले. घडीची टेबलं भिंतीला लावून एकावर एक रचली होती. मधोमध चार लोखंडी पलंग मांडले होते. पलंगावर माणसाएवढी, कापडी, जड बाहुली झोपवलेली. तिला पांढरे केस लावले होते. संगीता कपाळाला पट्टा बांधून बाहुलीच्या पाठीखाली हात घालत होती.

"विजयसिंह, मी सांगायला आले, की माझ्याच्यानं ते..."

"अहो राहू द्या काकू, गरजच न्हाई आता!" तो खुशीत होता. "रात्रीच झालं ते काम. कंपनीच्या पोरांनी तिकडंच काढून टाकला कोपरा. कॉम्प्युटरमधी. मी म्हनलं, परत व्हिडिओ काढावे लागतील. तर म्हणाले, काही नको. एका रात्रीत दुनियेतल्या समद्या मशीनचा कोपरा गेला, बोला!"

मी पलंगाची दांडी धरली. महिनोन् महिने शेकडो बायकांच्या हातांनी मशीनला जे शिकवलं होतं, ते एका रात्रीत पुसलं होतं, आणि मी हो म्हणते की नाही म्हणते याची कुणी वाटही पाहिली नव्हती.

"बसा, बसा. पाणी आणा रं काकूला! घडीचं काम आता संपलं. हे नवं बघा. म्हातारी, आजारी माणसं उठवून बसवायची, कूस बदलायची, तोंड धुवायचं. तुमी तर सासूबाईंचं किती वर्षं केलंत. तुमच्यासारखं कोण शिकवणार?"

संगीताने बाहुलीला उठवून बसवलं. तिची मान मागे कलंडली. संगीताने मानेखाली हात दिला, अगदी मायेने, आपल्या आईला द्यावा तसा. आणि तिच्या कपाळावरचा मोबाईल ते सगळं बघत राहिला.

मी पाणी न पिता घरी आले.

दुपारी आरोहीचा फोन आला. ह्यांनीच उचलला आणि काही न बोलता माझ्याकडे दिला.

"आई, आज सकाळपासून मला कामच न्हाई," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मॅनेजरनं बोलावलं. माणूस चांगला हाय बिचारा, चहा पाजला. महिन्याच्या शेवटी तिकीट काढून देणार हायेत."

"आरोही, मी काही केलं न्हाई गं. मी तर न्हाई म्हणायलाच गेले, पण त्यांनी..."

"म्हाईत हाय आई. तू काही केलं न्हाईस." मग तिने विचारलं, "मी घरी आल्यावर विजयसिंहदादाच्या केंद्रात जागा असंल का? घडीचं काम मला झोपेत बी येतं."

"घडीचं काम संपलं तिथलं."

"मग आता काय चाललंय?"

मला सांगायचं नव्हतं. पण तिने विचारलं होतं, आणि खोटं मला येत नाही. मी पलंग सांगितले. पांढऱ्या केसांची बाहुली सांगितली. संगीताने मानेखाली हात कसा दिला ते सांगितलं.

आरोहीने फोन तोंडाजवळ घेतला असावा, कारण तिचा श्वास ऐकू यायला लागला.

"माझ्या खोलीत धनश्री राहती," ती हळू आवाजात म्हणाली. "आष्टीची हाय. दवाखान्यात तेच काम करती, म्हाताऱ्यांचं. आत्ता रात्रपाळी करून आलीय, इथंच शेजारी झोपलीय. आई, ती उठली की तिला सांगू का गं?"