पंखेबाबा आणि नानांची शर्यत

"संचारला! बघा, संचारला!" सासूबाई किंचाळल्या आणि बैठकीत जमलेले शेजारी भिंतीला चिकटले.

टेबलावर सुनेनं जुना विकत घेतलेला लॅपटॉप घोंघावत होता. तळ तव्यासारखा तापला होता. भूत उतरवायला बोलावलेल्या पंखेबाबांनी डोळे फिरवले, "भुताची नाळ तोडतो!" म्हणत चार्जरची वायर काढली आणि फुंकर मारली. हळूहळू घरघर थांबली! वायर लावली, पुन्हा सुरू!

"आधीच्या मालकाचा आत्मा आहे. आत्ताच्या आत्ता नदीत सोडा."

सून लॅपटॉपपुढे आडवी आली. अख्ख्या पुस्तकाचं भाषांतर त्यात होतं. प्रत काढायला जावं तर यंत्र मध्येच बंद पडायचं.

"सोडाच, बाबा!" सासरे, म्हणजे नाना, घाम पुसत म्हणाले. यांना एवढी कसली घाई? सुनेला शंका आली.

"बाबा, वायर न काढता भूत घालवा ना."

"बेटी, मंत्राला अटी नसतात!"

"बरं, मी मंत्राशिवाय घालवते." तिनं वायर काढली आणि फुंकरीऐवजी मस्त जांभई दिली. लॅपटॉप निवला. कुणीतरी फिसकन हसलं.

"बॅटरीवर यंत्र आपणहून दमानं चालतं. वायर लावली की आतलं काहीतरी त्याला पळवतंय," म्हणत तिनं यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघडली. "हे वेग वाढवणारं कुणी टाकलं?"

नाना खाकरले. "गाड्यांच्या शर्यतीचा गेम अडकत होता गं. पण मी ते कधीच काढलं! पडद्यावरचं चित्र पुसलं की!"

"नाना, ती तर नुसती दारावरची पाटी. भाडेकरू आतच आहे!"

"आणि मी समजत होते, तुम्ही दुपारी झोपता!" सासूबाई कडाडल्या.

सुनेनं आधी वेग मूळ आकड्यावर आणला, मग प्रोग्रॅम काढला, त्याला दरवेळी उठवणारी आज्ञा पुसली, उरलेलं फोल्डरही उडवलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, वायर लावली. घोंघावणं नाही! टाळ्याच पडल्या. सुनेला नाचावंसं वाटलं. तिनं आधी भाषांतराची प्रत काढली.

"माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांना हे कधी कळलं नव्हतं," बाबा पुटपुटले.

"दुरुस्तीचं दुकान?" शेजारीण म्हणाली. बाबा घाईघाईनं चपला शोधू लागले.

"पुन्हा असं झालं तर गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी कारण शोधायचं, आई. सापडेपर्यंत घाबरायचं नाही आणि काही बुडवायचंही नाही."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" सासूबाईंनी चष्मा लावला. "सरक, मला शिकव ती यादी बघायला."

मागून नानांचा बारीक आवाज आला, "गेम तरी राहिलाय ना?"