ओझेलाबाई मताला निघाल्या

मी एक जुनी खुर्ची आहे. साधी नव्हे, केस वाळवायची. माझ्या पाठीतून एक दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला घमेल्याएवढा चकचकीत टोप आहे. बाईने केसांना रोलर लावून माझ्यात बसायचे, टोप खाली ओढायचा आणि पाऊण तास गरम हवा खायची. मित्रांनो, तुम्ही मला कुठे पाहिले नसेल. आता माझ्यासारख्या फारशा उरल्या नाहीत.

माझा जन्म १९५७ साली अमेरिकेत, ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. तिथून आगगाडीने मी अलाबामातल्या ग्रीअर्स क्रॉसिंग गावी आले. व्हर्डेल हॉब्ज नावाच्या तरुण बाईने तेव्हा नुकतेच पार्लर काढले होते. गावात गोऱ्या बायकांचे पार्लर वेगळे आणि आमच्या काळ्या बायकांचे वेगळे. व्हर्डेलबाईंच्या भावाने मला स्टेशनवरून गोधडीत गुंडाळून आणले. माझा पिस्ता रंग बघून बायका म्हणाल्या, "अगं बाई, ही तर गव्हर्नरच्या बायकोची खुर्ची दिसते!" मी फुलून गेले.

माझ्या टोपाखाली हवेचा इतका आवाज होतो की बसणारीला स्वतःचे बोलणे ऐकू येत नाही. त्यामुळे ती ओरडून बोलते. आपण कुजबुजतोय असे तिला वाटते आणि सगळ्या दुकानाला तिच्या नवऱ्याची भानगड कळते. अशी कितीतरी गुपिते मी ऐकली. पण सर्वांत मोठ्याने ओरडलेले गुपित ओझेला टेट यांचे होते.

ओझेलाबाई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत. व्हर्डेलबाईंची आणि त्यांची लहानपणापासूनची मैत्री. तेव्हा आमच्या लोकांना मतदार यादीत नाव घालायचे तर कचेरीत परीक्षा द्यावी लागे. राज्यघटनेतले एखादे कलम वाचायचे आणि त्याचा अर्थ सांगायचा. गोऱ्यांना एक ओळ द्यायचे, आमच्या लोकांना पानभर. म्हणून व्हर्डेलबाई दर गुरुवारी पार्लरमध्ये गुपचूप शिकवणी घेत. ओझेलाबाई माझ्यात बसून पाठ करत, अर्थात ओरडून.

एकदा एक हवालदार दारातून डोकावला. ओझेलाबाई डोळे मिटून कलम म्हणत होत्या.

"काय चाललंय हे?" त्याने विचारले.

"प्रार्थना, साहेब," व्हर्डेलबाई म्हणाल्या. "तिचं पाप जरा मोठं आहे."

हवालदार टोपी सावरत निघून गेला.

१९६२ च्या वसंतात ओझेलाबाई परीक्षेला गेल्या. आदल्या दिवशी त्यांचे केस माझ्याच टोपाखाली वाळले होते. कारकुनाने त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी एकही शब्द न चुकता कलम म्हटले आणि अर्थही सांगितला. कारकून कागदाची घडी घालत म्हणाला, "तू वाचलं नाहीस, पाठ म्हटलंस. नापास." दुसऱ्या दिवशी, यादीत नाव घालायला गेल्याची शिक्षा म्हणून, शाळेतून निरोप आला, उद्यापासून स्वयंपाकाला येऊ नको.

तीन वर्षांनी कायदा बदलला आणि परीक्षा बंद झाली. व्हर्डेलबाई पहिल्याच आठवड्यात रांगेत उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्यांनी एकही निवडणूक चुकवली नाही. ओझेलाबाई मात्र गेल्या नाहीत. लोकांच्या घरी इस्त्रीची कामे करून त्यांनी आयुष्य काढले, पण त्या कचेरीची पायरी पुन्हा चढल्या नाहीत.

"मी परीक्षा दिली होती," त्या म्हणत. "माझं उत्तर बरोबर होतं. चूक त्यांची आहे. त्यांनी माझ्या दारात येऊन सांगावं."

"ते येणार आहेत होय!" व्हर्डेलबाई चिडत.

"मग नाही आले तर नाही. मला घाई नाही."

असे कितीतरी गुरुवार गेले. पुढे पुढे दोघींनी तो विषय काढणेच सोडून दिले.

माझेही दिवस पालटले. व्हर्डेलबाईंची भाची शॉन्ड्रेल दुकान बघू लागली. तिने प्लास्टिकच्या दोन नव्या खुर्च्या आणल्या. मला मागच्या खोलीत ढकलले आणि माझ्यावर ओले टॉवेल टाकले जाऊ लागले. नऊ वर्षे मी अंधारात होते. माझ्या टोपाची एक बाजू तापेनाशी झाली होती. बुधवारी भंगारवाला येणार, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले.

पण त्याच्या आदल्या दिवशी मंगळवार होता. २००८ सालच्या नोव्हेंबरातला मंगळवार. राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच एक काळा माणूस शेवटच्या फेरीत उभा होता.

त्या वर्षी पार्लरमध्ये दुसरा विषयच नव्हता. मागच्या खोलीतूनही मला सगळे ऐकू येई. एक म्हणे, "गोरे लोक मत द्यायला पडद्यामागे गेले की हात मागे घेतील, बघ." दुसरी म्हणे, "निवडून आला तर जगू देतील का त्याला?" तिसरी म्हणे, "नाव घेऊ नका गं, दृष्ट लागेल." आशा तर सगळ्यांनाच होती, पण ती बोलून दाखवायची भीती वाटत होती.

मंगळवारी सकाळी सातला ओझेलाबाई काठी टेकत आल्या. त्या तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या.

"माझे केस कर," त्या व्हर्डेलबाईंना म्हणाल्या. "जुन्या पद्धतीनं. रोलर लावून."

"आज? अगं, मी मताला निघालेय. तू काय लग्नाला चाललीस?"

ओझेलाबाईंनी झग्याच्या गळ्यात हात घातला आणि छातीशी ठेवलेले एक कार्ड काढले. घामाने त्याचे कोपरे मऊ पडले होते. ते मतदाराचे कार्ड होते.

व्हर्डेलबाई खालीच बसल्या. "हे कधी केलंस?"

"ऑगस्टमध्ये."

"आणि मला सांगितलं नाहीस? त्रेचाळीस वर्षं मी तुझ्यापुढं डोकं फोडतेय!"

"म्हणूनच नाही सांगितलं. तू गावभर मिरवलं असतंस." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "टीव्हीवर त्याची सभा बघत होते. भर पावसात गोऱ्या बायका उभ्या होत्या त्याच्यासाठी. माझ्याएवढ्या म्हाताऱ्या. म्हटलं, त्या तिकडं भिजतायत आणि मी इथं रुसून कोरडी बसलेय."

शॉन्ड्रेलने नवी खुर्ची पुढे ओढली. ओझेलाबाईंनी काठी आडवी धरली. "ही नको. माझी काढ."

"मिस ओझेला, ती बिघडलीये. उद्या भंगारात चाललीये."

"मीही बिघडलेय पोरी. काढ तिला."

मला बाहेर ओढले. तारेवर चिकटपट्टी गुंडाळली. बटण दाबले तेव्हा माझ्यातून जळक्या धुळीचा वास आला, थोडा धूरही निघाला. शॉन्ड्रेल पाण्याची बादली घेऊन उभी राहिली. मित्रांनो, मी मनात म्हटले, आज नाही. आज मी बंद पडणार नाही. आणि माझा पंखा घरघरला. एकच बाजू तापत होती, म्हणून अर्ध्या वेळाने ओझेलाबाईंना उलटे बसवून घ्यावे लागले. भिंतीकडे तोंड करून त्या ओरडल्या, "व्हर्डेल, मला भीती वाटतेय गं!" त्यांना वाटले कुणी ऐकले नाही. आम्ही सगळ्यांनी ऐकले.

त्या गेल्या आणि मी दुपारभर वाट बघत बसले. तीन वाजता दार धाडकन उघडले. पुढे ओझेलाबाई, मागे हसून हसून डोळे पुसणाऱ्या व्हर्डेलबाई. कचेरीत काय झाले ते त्यांच्याच तोंडून ऐकले.

कचेरी तीच होती, खोलीही तीच. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. कुणी बसायला स्टूल दिले तर ओझेलाबाई म्हणाल्या, "मी बसायला आलेले नाही." अडीच तासांनी त्यांचा नंबर लागला. टेबलामागे एक तरुण गोरी मुलगी होती. तिने कार्ड बघितले, यादीत खूण केली आणि कागद पुढे केला.

"हा गोल काळा करायचा, मॅडम."

"काळाच करायचा ना? मग बरोबर." ओझेलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "आणि प्रश्न?"

"कसला प्रश्न?"

"मला काही विचारायचं नाही?"

"नाही मॅडम. झालं तुमचं."

आणि तिथे ओझेलाबाईंचा पारा चढला. "झालं? एवढंच? सेहेचाळीस वर्षं मी तयारी करून आलेय आणि तू म्हणतेस झालं? विचार काहीतरी!"

मागे कुणीतरी कुरकुरला, "आजी, आम्हाला कामं आहेत." व्हर्डेलबाईंनी त्याच्याकडे नुसते बघितले. तो एक पाऊल मागे सरकला. ती मुलगी गोंधळून गेली. तिने ओझेलाबाईंच्या डोक्याकडे पाहिले आणि ती उठून उभी राहिली.

"तुमचे केस कुणी केले, मॅडम? फार सुंदर दिसताहेत."

ओझेलाबाई ताठ झाल्या. "मिस व्हर्डेल हॉब्ज यांनी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

"बरोबर," मुलगी म्हणाली. "पास."

सगळी रांग टाळ्या वाजवू लागली.

त्या संध्याकाळी पार्लर बंद झालेच नाही. टीव्ही समोर, तळलेली कोंबडी आणि रताळ्याची गोड पाई टेबलावर, ओझेलाबाई माझ्यात. आमच्या राज्यात तो हरला आणि नियमाप्रमाणे राज्याची सगळी मते दुसऱ्या उमेदवाराच्या पदरात पडली, हे लवकरच कळले. "म्हणजे तुमचं मत तसं उपयोगी नाही पडलं, मिस ओझेला," शॉन्ड्रेल हळहळली.

"मोजलं ना? मग झालं तर."

दहाच्या सुमारास पडद्यावर त्याचा चेहरा आला आणि खाली अक्षरे आली. देशाने त्याला निवडले होते. शॉन्ड्रेल किंचाळली. एकोणऐंशी वर्षांच्या व्हर्डेलबाई बूट भिरकावून मोज्यांवर नाचू लागल्या. चर्चची घंटा वाजू लागली, रस्त्यावर गाड्यांचे भोंगे सुरू झाले. ओझेलाबाई माझे हात घट्ट धरून बसल्या होत्या. त्या लहान मुलीसारख्या मोठमोठ्याने रडत होत्या आणि मधूनच हसत होत्या.

सकाळी समोरच्या हार्डवेअर दुकानाचे मालक क्लाइड मॅकिनिस दारात आले. पन्नास वर्षांत ते पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आले होते. त्यांच्या काचेवर अजून दुसऱ्या उमेदवाराची पाटी होती.

"गावात एकही वर्तमानपत्र उरलं नाही," ते म्हणाले. "तुम्हीच सगळी उचललीत म्हणे."

ओझेलाबाईंसमोर आठवण म्हणून घेतलेल्या बारा प्रती होत्या. त्यांनी एक उचलून दिली. "घे क्लाइड. पण वाचून परत आणून दे. आणि ठसे पाडू नकोस."

ते ओशाळून हसले. दुपारी त्यांनी घडी न मोडता पेपर परत केला आणि म्हणाले, "चांगलं भाषण केलं त्यानं."

भंगारवाला आला तो रिकाम्या हाताने परत गेला. माझी दुसरी बाजू दुरुस्त झाली आणि मी पुन्हा खिडकीशी आले. मित्रांनो, माझे मागणे फार नाही. माझी जाळी अधूनमधून पुसा, माझ्यावर ओले टॉवेल टाकू नका. एखादी वस्तू कोपऱ्यात गप्प पडली असेल, तर फेकण्याआधी तिचे बटण एकदा दाबून बघा. आणि एखादे माणूस असे गप्प बसले असेल, तर त्याच्याजवळ आणखी थोडा वेळ बसा.

पुढच्या वसंतात गावात पाणीपुरवठा मंडळाची निवडणूक लागली. सकाळी सातला काठीचा आवाज आला.

"अगं, आज कशाला आलीस?" व्हर्डेलबाई म्हणाल्या. "एकच उमेदवार आहे. तो निवडून आल्यातच जमा आहे."

ओझेलाबाई माझ्यात बसल्या आणि त्यांनी स्वतःच टोप खाली ओढला.

"असू दे," त्या ओरडल्या. "मशीन चालू कर!"