न तपासलेला कोपरा

रविवारच्या दुपारी हॉगनांच्या टेबलावर हॅम होतं, भाजलेले बटाटे होते आणि नव्या घराचा नकाशा होता.

अमेरिकेतल्या यकिमा खोऱ्यात, आमच्या रस्त्यावरची ही चालच आहे. मुलाला पहिलं मूल झालं की बाप सफरचंदांची झाडं उपटून बागेचा एक कोपरा त्याला देतो. माती मात्र कोणी तपासत नाही. तपासली तर तिच्यात काय मुरलंय ते कळतं, आणि कळलं तर घर विकताना कागदावर लिहून द्यावं लागतं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी सज्जन माणसंही न कळण्यातच समाधानी असतात. अशी अकरा घरं उभी राहिली; तपासण्या शून्य.

सून रेनाटाने चमचा खाली ठेवला. "लाईल, तुमचे वडील या झाडांवर काय फवारायचे?"

"सगळे फवारायचे तेच," सासरा म्हणाला. "आम्ही मेलो का?"

"तुम्ही माती खात नव्हतात. तुमचा नातू नेल्स खातो. गुरुवारी त्या कोपऱ्यात त्याच्या तोंडातून बोटाने काढली मी."

"अगं, जेवू दे त्यांना," तिचा नवरा कर्टिस पुटपुटला.

"तू जेव ना! बटाट्यांवरची नजर हलली नाहीये तुझी अजून."

लाईल हसला नाही. "माती तपासायला पाठवलीस, तर सगळ्या रस्त्याच्या अन्नात कालवशील ती. शेजारच्या वॉल्टचं घर मग कोण घेणार?"

"शुक्रवारी डॉक्टरांनी नेल्सचं रक्त घेतलंय," रेनाटा म्हणाली. "शिसं आहे का, ते मंगळवारी कळेल."

काटे थांबले. चौदा महिन्यांचा नेल्स उंच खुर्चीत बोटं चोखत होता. चौघांनीही त्या बोटांकडे पाहिलं.

"टाकी कुठे होती ते सांग तिला," सासू व्हर्ना म्हणाली.

"कसली टाकी?"

"लाईल, नाटकं नकोत. तुझे वडील ज्यात फवारणीसाठी शिसं आणि सोमल कालवायचे, ती."

"साठ वर्षं झाली त्याला. पावसाने गेलं असेल वाहून."

"या खोऱ्यात? पाऊस आला की फोटो काढतोस तू!"

"ते वाहून जात नाही," रेनाटा म्हणाली. "वीतभर खाली बसून राहतं. कुठे होती?"

लाईलने नकाशा ओढून घेतला. जागा त्यानेच निवडली होती, आयती सपाट म्हणून. त्याचं बोट एका खोलीवर थांबलं. ती नेल्सची खोली होती.



"मंगळवारी काहीही येवो," रेनाटा म्हणाली, "मी तिथे राहणार नाही. कर्टिस, तुला बांधायचं असेल तर एकट्यापुरतं बांध."

कर्टिसने ताट सरकवलं. "नाही बांधत."

लाईल उठला, टोपी घालून बाहेर पडला. रेनाटा बरणी आणि खुरपं घेऊन मागोमाग गेली. नव्या घरासाठी ठोकलेल्या, लाल फिती बांधलेल्या चार खुंट्यांमध्ये उभं राहून त्याने बुटाच्या टोकाने जागा दाखवली.

"इथून घे. आणि पाठवताना मालक म्हणून माझं नाव लिही."

कुंपणापलीकडे वॉल्टच्या जुळ्या नाती अनवाणी मातीचे केक थापत होत्या. लाईल त्यांच्याकडे बघत राहिला. मग कुंपणाकडे चालू लागला.

"काय रे, पाया कधी खणताय?" वॉल्टने हसत विचारलं.

लाईलने टोपी काढली. घराबाहेर ती तो एरवी फक्त दफनाच्या वेळी काढतो.

"वॉल्ट," तो म्हणाला, "पोरींना आधी आत घे."