अर्धी म्हण

क्वासी ओपोंग आफ्रिकेतल्या अशांती राज्याच्या दरबारात राजाच्या वतीने बोलणारा. म्हणींचं कोठारच म्हणा ना! म्हणून हॅलम साहेब विलायतेहून आला तो थेट त्याच्या दारात, आणि सहा महिने झाडाखाली वही भरत बसला. भाषा बरी शिकला, पण घाई फार.

"ओपोंगबाबा, आणखी एक."

"अहो साहेब, म्हणी काय शेंगा आहेत, फोडून हातावर ठेवायला? भांडण लागलं की त्या आपोआप येतात."

"तरी एक."

"मामाची कुदळ भाच्याच्या खांद्यावर," म्हातारा म्हणाला आणि थांबला. एकाने म्हण टाकायची, उलट म्हण समोरच्याने द्यायची. दोन्ही एकाच तोंडाने बोलतो तो उद्धट. येत नसेल तर विचारावं माणसाने. साहेबाने पान उलटलं. म्हातारा मनात हसला आणि गप्प बसला.

दोन वर्षांनी त्याचा जावई तापाने गेला. शेत तिकडच्या रीतीप्रमाणे जावयाच्या बहिणीच्या मुलाकडे, बाडूकडे गेलं. पण त्यातली कोकोची झाडं म्हाताऱ्याच्या लेकीने, अमा सेर्वाने, चौदा वर्षं कंबर मोडेस्तोवर वाढवली होती. बाडू म्हणाला, "मामी, तुझं इथे काय आहे? ऊठ, माहेरी जा."

राजाच्या दरबारात तिला तिसरा वाटा नक्की मिळाला असता. पण आता इंग्रजांचा अंमल, असले तंटे सरकारी साहेब तोडायचा. त्याच्या टेबलावर हॅलमचं छापील पुस्तक होतं आणि शेजारच्या खुर्चीत, जाणकार म्हणून, खुद्द हॅलम होता. सरकारी साहेबाने पान काढून वाचलं, "मामाची कुदळ भाच्याच्या खांद्यावर. सांगणारा, क्वासी ओपोंग."

म्हातारा धडपडत उठला. "साहेब, ती अर्धीच आहे! ज्या हातांनी मूठ गुळगुळीत केली, त्यांना आधी जेवू घाला. हा तिचा जबाब!"

"पुस्तकात नाही," सरकारी साहेब म्हणाला.

"या हॅलमसाहेबांनी विचारलंच नाही हो!"

"आज स्वतःची लेक उभी आहे, म्हणून आठवलं होय?" बाडू हसला, आणि त्याच्यामागची माणसंही हसली. ज्याच्या एका शब्दावर दरबार थांबायचा, त्याला लोक हसले. हॅलम काहीतरी बोलायला गेला, पण निकाल लिहून झाला होता. सगळं शेत बाडूचं.

बाहेर अमाने डोक्यावर बोचकं घेतलं. म्हातारा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात हॅलम पळत आला. डोळे ओले होते बिचाऱ्याचे, आणि हातात वही. "ओपोंगबाबा, माझं चुकलं. ते दुसरं पुन्हा सांगता? पुढच्या छपाईत घालतो."

"सांगा ना, बाबा," अमा म्हणाली. "आता कुणाचं काय अडलंय?"

आणि ती चालू लागली. म्हाताऱ्याने तिच्या पाठीकडे बघत सांगितलं, हळूहळू, साहेबाचं लिहून होईपर्यंत थांबत थांबत.