दगडी बी

दोघी जावांनी गच्चीवर गोकर्णीचं लग्न लावलं होतं. पांढरीच्या मिटल्या कळीतले पुंकेसर थोरलीने चिमट्याने उपटले, निळीचा पराग धाकटीने कुंचल्याने आत टेकवला. शेंगा वाळल्या तेव्हा ठरलं, बी निम्मं निम्मं. जिचं फूल आधी उमलेल, तिने नव्या रंगाचं नाव ठेवायचं.

थोरलीने नाव मनात केव्हाच धरलं होतं. घरातल्या मांजरापासून थोरलीच्या स्वतःच्या लेकीपर्यंत सगळी नावं धाकटीनेच ठेवलेली. ती तोंड उघडायची नि घर म्हणायचं, “अगदी हेच हवं होतं!” थोरलीला कधी कुणी विचारलंच नाही.

म्हणून वाटणी करताना थोरलीने टपोरं, काळंभोर, चकचकीत बी हळूच आपल्याकडे ओढलं. सुरकुतलेलं, बारकं धाकटीकडे सरकवलं.

आणि धाकटीच्याच कुंडीत हिरव्या माना वर आल्या! माती तीच, ऊन तेच, पाणी एकाच झारीचं. थोरलीची कुंडी मात्र मुकी. शेवटी तिने माती उकरली. बी मण्यांसारखं जसंच्या तसं.

“मेलं वाटतं,” ती पुटपुटली.

“मेलं नाही ताई, झोपलंय,” मागून धाकटी म्हणाली. “पिकल्या बीचं कवच दगडी. पाणी आत शिरत नाही, एखादं आज उठतं, एखादं वर्षाने. माझं अर्धकच्चं होतं, लगेच पाणी प्यायलं. घ्या, वेचून वेचून घेतलंत ना चांगलं!”

थोरलीचा चेहरा पडला. “दिसलं होतं तुला?”

“दिसलं की. रागाने फणफणतच पेरलं मी.” तिने नखांची कानस पुढे केली. “कड जरा घासा नि भिजत घाला.”

थोरलीने ओठ दाबून एकेक बी घासलं. ते फुगलं, रुजलंही. पण तोवर धाकटीच्या वेलीवर फूल उमललं होतं. पहाटेच्या आभाळाचा रंग. थोरलीला पाहवेना आणि नजरही हलेना.

“ताई,” धाकटी हळूच म्हणाली, “यंदा तुम्ही सांगा ना नाव.”

नाव ओठांपर्यंत आलं. थोरलीने ते गिळलं.

“आहे माझ्याकडे,” ती म्हणाली, “पण तुझ्या फुलाला नाही द्यायची मी.” आणि झारी उचलून आपल्या कुंडीकडे वळली.