काचेवरची पकड

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी टाकीतला पहिला तारामासा काचेवरून सुटला आणि तळाच्या वाळूवर उताणा पडला. क्षिप्रा तेव्हा पर्स खुंटीला अडकवत होती. काचेवरची एक जागा रिकामी झालीय, एवढंच तिला दिसलं. ती जवळ पोचेपर्यंत दुसरा सुटला. पाऊण तासात सहाच्या सहा खाली होते.

उताणा पडलेला तारामासा तसाच पडून राहत नाही. एक भुजा दुमडतो, टोकानं वाळू चाचपतो, आधार मिळाला की सावकाश कूस पालटतो. यातला एकही हलला नाही. तिनं हात पाण्यात घालून एकाला बोटानं डिवचलं. तो एरवी आखडून दगडासारखा टणक व्हायचा. आज तो ओल्या फडक्यासारखा मऊ लागला.

"बाय, मेलं का गं सगळं?" मागून बाळाबाईंनी विचारलं. बाळाबाई कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. वाशी गावातल्या, शहर वसायच्या आधीपासूनच्या.

"माहीत नाही," क्षिप्रा म्हणाली. आणि मग तिची नजर ओट्याकडे गेली. काल संध्याकाळी तिथं झाकून ठेवलेला चंचुपात्रातला अर्क नव्हता. चंचुपात्र धुऊन फळीवर पालथं घातलेलं होतं.

"बाळाबाई, इथलं पाणी?"

"वतलं की टाकीत, काल जाताना. नेमीपरमानं."

नेम क्षिप्रानंच घातला होता. वाशीत नळाला समुद्राचं पाणी येत नाही. ते उरणच्या खडकाळ किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून टेम्पोनं आणावं लागतं, म्हणून प्रयोगात उरलेलं स्वच्छ खारं पाणी मोरीत न ओतता टाकीत परत टाकायचं, अशी तिची सक्त ताकीद होती. जे टाकायचं नाही त्या भांड्यावर ती तांबड्या पेन्सिलीनं फुली मारायची. काल फुली तिनं झाकणावर मारली होती, भांड्यावर नाही. बाळाबाईंनी धुवायला भांडी घेतली तेव्हा झाकण आधीच वेगळं झालेलं होतं.

अर्क फ्रीजमध्ये असता तर हे घडलंच नसतं. सकाळच्या घाईत तो गार नको, म्हणून तिनं काल तो बाहेर काढला. तेवढ्यात तिच्या मार्गदर्शकांनी, प्रधान सरांनी, खाली बोलावलं, तिथून ती परस्पर कोपरखैरण्याला घरी गेली.

त्या चंचुपात्रात तिचं वर्षाचं काम होतं. तारामाशाला मेंदू नसतो. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि त्यातून प्रत्येक भुजेत गेलेली एक दोरी, एवढाच कारभार. भुजेखाली शेकडो नळीसारखे पाय. त्यांनीच तो काच धरतो. 'धर' आणि 'सोड' हे निरोप त्या पायांपर्यंत रसायनं पोचवतात. 'धर' म्हणणारं रसायन जुनं, पाठ्यपुस्तकातलं. 'सोड' म्हणणारी दोन पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, चार वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, परदेशातल्या तारामाशांत सापडली होती. उरणच्या तारामाशातही असं काही असेल, असं क्षिप्राचं म्हणणं होतं. तिनं चाळीसेक प्राण्यांच्या मज्जादोऱ्या सोलून अर्क काढला होता. तारामाशाच्या जठराच्या पट्टीला तो अर्क दिल्यावर ती सैल पडल्याची रेघ, स्नायूची हालचाल नोंदवणाऱ्या यंत्राच्या काजळी धरलेल्या ढोलावर, तीनदा उमटली होती. मागच्या वेळी संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीनं ती रेघ बाजूला सारली. आमच्या डोळ्यांसमोर करून दाखवा, म्हणाले. आज साडेअकराला समिती येणार होती. दाखवता आलं तर काम पुढं चालू. नाही तर संशोधन बंद, हे पत्रातच लिहिलं होतं.

प्रधान सर साडेआठला आले. त्यांनी चष्मा वर करून टाकीत पाहिलं, मग क्षिप्राकडं.

"अख्खा अर्क गेला?"

"हो सर."

"आणि सगळे सुटले." त्यांचा आवाज बदलला. "क्षिप्रा, हे तर आपल्याला हवं तेच झालं. 'सोड' म्हणालीस, सोडलं. समितीला आणखी काय पाहिजे?"

तिच्याही मनात तेच आलं होतं. पण काल संध्याकाळी आणखीही एक गोष्ट घडली होती, आणि ती टाकीशेजारीच निळ्या कॅनच्या रांगेत उभी होती. टेम्पोवाल्या मुख्तारनं पाण्याची नवी खेप टाकली होती आणि तिनं टाकीतलं निम्मं पाणी बदललं होतं.

तिनं एका रिकाम्या कॅनचं झाकण उघडून नाक लावलं. वास होता. डिझेलचा असावा, नाही तर कॅनच्या प्लास्टिकचा.

मुख्तार उरणकडचा. आठवड्याला दोनदा पाणी आणायचा, ओहोटीला खडकांत उतरून तारामासेही तोच वेचायचा. दहाच्या सुमारास तो रिकामे कॅन न्यायला वर आला आणि दारातच थबकला.

"काय झालं? मयत झाल्यासारखे उभे आहात सगळे."

"मुख्तारभाई, कालचं पाणी कुठलं?"

"नेहमीचंच."

"खडकातलं?"

त्यानं टाकीत डोकावून पाहिलं. मग रुमालानं मान पुसली. "खडकाकडचा रस्ता खणून ठेवलाय, मॅडम. टेम्पो जात नाही. धक्क्यावरनं भरलं. पण भरतीचं पाणी होतं, एकदम साफ. कसम."

"धक्क्यावर होड्या लागतात. डिझेल सांडतं."

"बघा सर, तुमचे मासे आजारी पडले की आमचं पाणी खराब," मुख्तार प्रधानांकडं वळून म्हणाला. "ठणठणीत असतात तेव्हा कोणी बोलत नाही, मुख्तारचं पाणी चांगलं म्हणून."

"पाणी आननारा तू, तर इचारनार कुनाला?" बाळाबाई म्हणाल्या. "मला पन इचारलंच की. मी वतलं ते वतलं, बोलले सरळ. तू आदी 'नेहमीचंच' बोल्लास."

मुख्तार वाकून रिकाम्या कॅनची झाकणं लावू लागला.

प्रधानांनी क्षिप्राला खिडकीपाशी बोलावलं. खाली फाटकातून कोणाची गाडी येतेय का, ते पाहत हळू आवाजात म्हणाले, "धक्क्याचं समितीला सांगायची गरज नाही. अर्क पडला, प्राणी सुटले. जे घडलं तेच सांगतोय आपण."

"पाणी बदललं, हेही घडलंय."

"मग काय करणार आहेस? आहे काय तुझ्याकडं?"

तिच्याकडं एक तारामासा होता. आज समितीपुढं अर्क टोचून दाखवायला तिनं तो दोन दिवसांपूर्वीच वेगळा काढला होता. तो आधीच्या खेपेच्या पाण्यात, काचेच्या बरणीत, पाचही भुजा पसरून काचेला घट्ट धरून बसलेला होता. आणि मुख्तारच्या कालच्या खेपेतला एक कॅन अजून सीलबंद होता.

प्रधानांच्या लक्षात आलं. "वेडी आहेस का? तो एकच धड उरलाय. तो नव्या पाण्यात सुटला तर अर्क गेला, प्राणी गेले, सगळंच गेलं. निदान हा जिवंत दाखवता येईल."

"आणि नाही सुटला तर पाणी चांगलं, सर. मग त्या सहांना अर्कानंच सोडायला लावलं."

"कातडीतून अर्क आत जातो, हे तरी कोणी दाखवलंय? तेही विचारतील."

तिलाही रात्री हाच प्रश्न पडायचा.

मुख्तार पुढं झाला. त्यानं सीलबंद कॅन ओढून टेबलाशी आणला. "टाका, मॅडम. टाका माझ्या पाण्यात. मी इथंच उभा राहतो. सुटला तर पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवणार नाही."

"तसं नाही हो मुख्तारभाई."

"तसंच आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजात होईल, मुख्तारनं डिझेल पाजलं."

क्षिप्रानं जुन्या पाण्याचा उरलेला अर्धा कॅन एका पसरट भांड्यात ओतला आणि सहाही तारामासे एकेक करून त्यात ठेवले. ते हातात लोंबत होते. मग तिनं दुसरी बरणी घासून घेतली, सील तोडलं, कालचं पाणी फडक्यातून गाळून भरलं. सातव्याला काचेवरून सोडवायला वेळ लागला. एक भुजा सोडवावी तर दुसरी धरायची. नव्या पाण्यात सोडल्यावर तो तळाशी गेला, जरा वेळ तसाच राहिला. मग एक भुजा काचेला लागली, तिच्यामागं दुसरी, आणि तो वर सरकू लागला.

"चढला," बाळाबाई म्हणाल्या.

"ते सहाजण रात्रभर त्या पाण्यात होते," क्षिप्रा म्हणाली. "याला थोडा वेळ द्यायला हवा."

समिती साडेअकरालाच आली. पुढं पुण्याच्या एक प्राध्यापक बाई होत्या, मागं दोघं. प्रधान चहाचं विचारू लागले. बाईंनी हातानंच नको म्हटलं आणि विचारलं, "काय दाखवणार आहात?"

प्रधानांनी तोंड उघडलं; पण क्षिप्रानं आधी बोलायला सुरुवात केली. अर्क चुकून टाकीत गेला, फुली झाकणावर मारली ही चूक माझी, आणि त्याच संध्याकाळी निम्मं पाणी बदललं, ते धक्क्यावरचं होतं, हे तिनं त्याच क्रमानं सांगितलं. प्रधान भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत राहिले.

बाईंनी पसरट भांड्यात पाहिलं. सहापैकी एकाच्या भुजेखालचे तीन-चार पाय आत-बाहेर होत होते. बाकीचे पाच निश्चल होते.

"हे शुद्धीवर येतंय म्हणायचं की अखेरची हालचाल?"

"सांगता येत नाही, मॅडम."

"आणि हा?" बाई बरणीशी वाकल्या. सातवा पाण्याच्या वरच्या कडेपर्यंत गेला होता. त्याच्या एका भुजेचं टोक काचेपासून अलगद उचललं जात होतं. तारामासा पुढं निघताना टोक असंच उचलून आजूबाजूचा अंदाज घेतो. आज सकाळी पहिला सुटला, तेव्हा त्याचं टोक आधी उचललं होतं की नाही, हे क्षिप्रानं पाहिलं नव्हतं.

बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "थांबू या," त्या म्हणाल्या.

मुख्तार दाराशी उभाच होता. बाराला दहा कमी असताना चार भुजा काचेला धरून होत्या. पाचवी सुटलेली होती; पुढं सरकायला की खाली पडायला, ते अजून कळत नव्हतं.