चौथ्या मजल्यावरून क्वासार

मोकळ्या सोडलेल्या नळानं एकदम घसा खाकरला आणि दुपारची शांतता मोडली. अक्षदानं चटकन पाळण्याकडे पाहिलं. पण ऋतुराजनं नुसती कूस बदलली. पाणी नव्हतंच. टिटवाळ्याच्या या नव्या इमारतीत पाणी टँकरनं येतं, नळातून येते ती हवा, तीही रुबाबात.

बाळ झोपलंय तेवढाच वेळ तिचा. माजिवड्याच्या एका क्लासला पाचच्या आत व्हिडिओ पाठवायचा होता: सहावीच्या मुलांना क्वासार समजावा. जमलं, तर घरून शिकवायची नोकरी. एमएस्सीचं सर्टिफिकेट सहा वर्षं गादीखाली दबलं होतं.

फोन धरायला पहिलीतली सान्वी होती.

"मुलांनो, क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा. त्याच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर..."

"आई, कंटाळा आला."

"तू सहावीत आहेस का?"

"सहावीत गेल्यावर पण येईल."

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. "टँकर आला गं!" हंडे-पिंपं घेऊन बारापासून खाली बसलेल्या सासूबाई, हौसाबाई, ओरडल्या. अख्खी इमारत खाली धावली. बाळ दचकून रडायला लागलं. पाचाला दहा कमी.

त्याला कडेवर घेऊन अक्षदा गॅलरीत आली, खाली बघत राहिली आणि म्हणाली, "सान्वे, फोन खाली वळव. पटकन!"

"बघा मुलांनो, ही इमारत म्हणजे दीर्घिका. टँकरचा पाइप दिसतोय? नाही ना? कृष्णविवरही दिसत नाही. दिसते त्याच्याभोवतीची गर्दी! थेट आत कुणालाच जाता येत नाही. कृष्णविवराभोवतीचा वायूही असाच गोल गोल फिरतो, घासतो, तापतो आणि झगमगतो. घराघरातले सगळे टीव्ही एकत्र लावले तरी या कालव्यापुढे फिके. तसाच क्वासार स्वतःच्या दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांना झाकून टाकतो."

"पण पाइप कुणाला गिळत नाही," सान्वी.

"हो, तेवढं सोडून."

गर्दीतून हौसाबाई हंड्यासकट सुसाट बाहेर फेकल्या गेल्या.

"आणि काही वायू आत न पडता असा जोरात बाहेर उडतो!"

"कोण उडतंय गं?" खालून हौसाबाई. "खाली ये, हंडा उचल!"

"आलेच आई! तर मुलांनो, आपल्या आकाशगंगेच्या मध्येही कृष्णविवर आहे. पण तिथे सध्या टँकर गेल्यानंतरची शांतता."

चार एकोणसाठला व्हिडिओ गेला. हंडे चढवून अक्षदा टेकते न टेकते, तोच फोन आला. क्लासच्या मेघनामॅडम हसत होत्या.

"सासूबाई फार आवडल्या आम्हाला! सोमवारपासून घरून शिकवायला लागा. एकच अट, मुलांनी काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचं. नंतर सांगते म्हणायचं नाही."

"अहो, नक्की!" अक्षदाचा आवाज फुलला. तिनं सान्वीला जवळ ओढलं आणि पटापट पापे घेतले.

सान्वीनं गाल पुसले. "आई, एवढा उजेड त्याच्यामुळे पडलाय, हे कृष्णविवराला कळतं का?"